गोठवलेली केंद्रके आणि प्रतिलेखनाचा अभ्यास

१८६९ मध्ये फ्रिडरिश मिशर यांनी ट्युबिंगेन येथे पुवातील पेशींची केंद्रके वेगळी केली. १९५९ मध्ये सॅम्युएल वाइस यांना यकृताच्या केंद्रकांत आरएनए घडवणारे विकर आढळले. १९६९ मध्ये रोडर व रटर यांनी अशा पॉलिमरेझचे तीन प्रकार दाखवले.

प्रत्येक प्रयोगाला ताजी केंद्रके मिळत नाहीत. ग्लिसरॉलच्या द्रावणात उणे ८० अंशांवर ती टिकतात : बर्फाचे स्फटिक त्यांना फोडत नाहीत आणि पॉलिमरेझ डीएनएवर जागच्या जागी थांबते. नंतर ऊब व खूण केलेले न्यूक्लिओटाइड दिले की अर्धवट साखळ्या वाढतात, नव्या सहसा सुरू होत नाहीत. म्हणून पेशी फोडतेवेळी कोणती जनुके चालू होती, ते कळते. २००८ ची ‘ग्रो-सेक’ पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

जयपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे नळी बर्फाबाहेर विसरली, तर ही नोंद कायमची पुसली जाते.