मोन म्हणजे काय? अर्थ, वापर आणि सोशल मीडियावर होणारी गफलत

'मोन' हा इंग्रजी शब्द नाम आणि क्रियापद अशा दोन्ही प्रकारे वापरतात. वेदनेने किंवा दुःखाने तोंडातून निघणारा लांबट, खालच्या पट्टीतला आवाज हा त्याचा सर्वांत परिचित अर्थ. मराठीत कण्हणे किंवा विव्हळणे. 'द पेशंट मोन्ड ऑल नाइट' म्हणजे रुग्ण रात्रभर कण्हत होता. किंकाळी किंवा हंबरडा मात्र यात बसत नाही. त्यासाठी 'स्क्रीम' आणि 'वेल' हे शब्द आहेत.

'ग्रोन' हा याचा सख्खा शेजारी. तो आवाज अधिक जड आणि आखूड असतो. वजनाखाली करकरणारी फळी 'ग्रोन' करते, आणि फालतू कोटी ऐकून वैतागलेले मित्रही.

तिसरा शब्द 'ग्रंट', आणि इथे शब्दाची निवड खरोखर महत्त्वाची ठरते. तान्हे बाळ प्रत्येक श्वास सोडताना 'हं-हं' असा छोटा आवाज करत असेल, तर डॉक्टर त्याला 'ग्रंटिंग' म्हणतात. हे श्वासाच्या त्रासाचे लक्षण असू शकते आणि बाळाला लगेच दवाखान्यात न्यावे लागते. मराठीत यालाही कण्हणेच म्हणतात. त्यामुळे डॉक्टरांना इंग्रजीत मेसेज करताना 'बेबी इज मोनिंग' एवढेच लिहिले, तर नेमकी गोष्ट पोहोचेलच असे नाही. आवाज प्रत्येक श्वासाला येतो का, छाती आत ओढली जाते का, हे सरळ मराठीत सांगितलेले बरे. फोन केला तर त्याहून उत्तम.

ब्रिटनमध्ये 'मोन'चा रोजचा अर्थ वेगळाच आहे: कुरकुर करणे, रडगाणे गाणे. 'स्टॉप मोनिंग' म्हणजे 'रडगाणं बंद कर'. हा अर्थ नवा नाही. जुन्या इंग्रजीतल्या ज्या क्रियापदाशी या शब्दाचे नाते जोडले जाते, त्याचा अर्थच तक्रार करणे, शोक करणे असा होता. 'बिमोन', म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दल हळहळणे, हा शब्दही त्याच घरातला.

सोशल मीडियावर मात्र हा शब्द बहुतेक वेळा लैंगिक सुखाच्या वेळी निघणाऱ्या आवाजासाठी येतो. मीम्स आणि चावट कमेंट्समुळे तोच अर्थ आधी डोक्यात येतो. म्हणून आजारी आजीबद्दल पोस्ट लिहिताना 'मोनिंग' शब्द चुकीचा नसला, तरी 'इन पेन' जोडावे किंवा 'ग्रोनिंग' लिहावे. नाहीतर कमेंट्समध्ये नको ते हसू सुरू होते.

सगळ्यात जास्त अवघड करणारी चूक श्रद्धांजलीच्या पोस्टमध्ये होते. शोक करणे यासाठी शब्द आहे 'मॉर्न'. ब्रिटिश उच्चारात 'मॉर्निंग' म्हणजे सकाळ आणि 'मॉर्निंग' म्हणजे शोक हे दोन्ही सारखेच ऐकू येतात. स्पेलिंग तेवढे वेगळे. त्यातला 'ओ' लांबवला की 'मोनिंग' होते आणि 'वुई आर मोनिंग हिज डेथ' अशी वाक्ये तयार होतात. 'अलो अलो' या ब्रिटिश विनोदी मालिकेत (1982 ते 1992) फ्रेंच पोलिसाचे सोंग घेतलेला इंग्रज हेर 'गुड मोनिंग' म्हणायचा आणि प्रेक्षक हसायचे. शोकाच्या पोस्टखाली तसे हसणे कुणालाच नको असते. शंका असेल तर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहावे. तिथे इंग्रजीची सक्ती कुणी केलेली नाही.