नाव घातलेली काच

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावी गुणगौरव समारंभांचा मोसम सुरू होतो. एके काळी अशा समारंभात शब्दकोश, पेन किंवा स्टीलचा डबा मिळायचा. आता त्यांच्या जोडीला काचेचा एक जड, चौकोनी ठोकळा आला आहे. आत मुलाचे नाव, शाळेचे बोधचिन्ह, कधी मुलाचा फोटोसुद्धा. खाली छोटासा दिवा लावला की अक्षरे उजळतात. विक्रेते शाळेत येऊन नमुने दाखवतात, शाळा नावांची यादी देते. घरोघरीही लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला किंवा आजोबांच्या पंच्याहत्तरीला असाच ठोकळा करून घेतला जातो. दुकानात त्याला ‘क्रिस्टल’ म्हणतात. ही अगदी आजकालची हौस वाटेल. पण काचेवर माणसाचे नाव घालून ती विकण्याचा धंदा जवळजवळ साडेचारशे वर्षांचा आहे. त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

आधी त्या ‘क्रिस्टल’ शब्दाविषयी. क्रिस्टल म्हणजे स्फटिक. स्फटिकात अणूंची रचना ओळीने, शिस्तीत असते. काचेत तशी शिस्त नसते, म्हणून शास्त्राच्या दृष्टीने कोणतीही काच स्फटिक नव्हे. मग हे नाव आले कुठून? पंधराव्या शतकाच्या मध्यास व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील कारागिरांनी, त्यांत आंजेलो बारोव्हिएर हे नाव मुख्य, इतकी नितळ काच बनवली की लोकांना ती डोंगरात सापडणाऱ्या स्फटिकासारखी भासली. तिला ‘क्रिस्टालो’ म्हणू लागले. म्हणजे मुळात ही काचेची स्तुती होती, पुढे तेच मालाचे नाव झाले. युरोपात 1969 साली या नावाला कायद्याने लगाम घातला. काचेत किमान 24 टक्के लेड ऑक्साइड असेल तरच तिला ‘लेड क्रिस्टल’ म्हणता येते. आपल्याकडचे नाव घातलेले ठोकळे बहुधा शिसे नसलेल्या, भिंगांसाठी वापरतात तसल्या काचेचे असतात.

आता नावाकडे येऊ. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात एक काचेचा चषक आहे. त्यावर हिऱ्याच्या टोकाने ओरखडून जॉन आणि जोन डायर ही दोन नावे घातली आहेत आणि साल आहे 1581. त्या काळी लंडनमध्ये जाकोमो व्हेर्झेलिनी नावाचा इटालियन माणूस काचेचा कारखाना चालवत होता आणि हा चषक त्याच्याच कारखान्यातला मानला जातो. काच तर काय, हातातून पडली की संपली! पण त्या दोन नावांमुळे हा चषक कुणीतरी पिढ्यान् पिढ्या जपला.

हिऱ्याने ओरखडा उमटतो, खोली येत नाही. ती आणली प्राग शहरात कास्पार लेहमान याने. सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या दरबारी तो रत्ने आणि स्फटिक कोरायचा. त्याने तीच चाकांची कला काचेवर आणली. त्याचा 1605 सालचा पेला प्रागमध्ये जपून ठेवलेला आहे. त्यावर एका सरदार पती-पत्नीची कुलचिन्हे आहेत. 1609 साली सम्राटाने काच कोरण्याचा खास अधिकार त्याला दिला. या कामात गंमत अशी की लेखणी स्थिर असते आणि कागद फिरतो! तांब्याची छोटी चकती जागच्या जागी फिरत राहते, तिला तेल आणि कुरुंदाची पूड लावलेली असते आणि कारागीर पेला खालून तिच्यावर दाबत फिरवतो. अक्षर उमटते ती जागा त्या काळ्या चिखलात दिसत नाही. एक अक्षर चुकले तर ते खोडता येत नाही. सारा पेला वाया जातो.

इथेच या धंद्याची खरी मेख आहे. साधा पेला एकाने नाकारला तर दुसऱ्याला विकता येतो. नाव घातलेला पेला जगात एकाच घरी खपतो. त्यामुळे असा माल बाजारात मांडून बसता येत नाही, गिऱ्हाइकापर्यंत जावे लागते, त्याचे नाव विचारावे लागते. बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, काचवाल्यांनी नेमके हेच केले. तिथल्या जंगलांच्या राखेतून मिळणाऱ्या पोटॅशपासून आणि चुनखडीपासून सतराव्या शतकाच्या अखेरीस जाड, कठीण, स्वच्छ काच होऊ लागली. मुरानोची पातळ काच चाकाखाली टिकत नसे, ही टिकली. 1662 साली जन्मलेला गेऑर्ग फ्रान्झ क्रायबिख हा त्या भागातला व्यापारी. त्याने आपल्या प्रवासांची हकिगत लिहून ठेवली आहे. पहिल्या सफरीला तो निघाला तो चक्क हातगाडीवर काच लादून. पुढे तीसएक सफरी झाल्या. तो लंडनला गेला, रशियात गेला, थेट कॉन्स्टँटिनोपलपर्यंत पोचला. खाचखळग्यांच्या रस्त्यांवरून हातगाडीभर काच ढकलत नेणारा हा माणूस डोळ्यांसमोर आणला की मला आजच्या नमुने घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्याचा तो पणजोबाच वाटतो.

एकोणिसाव्या शतकात गिऱ्हाईकच काचवाल्याकडे येऊ लागले. बोहेमियातील कार्ल्सबाड, फ्रान्झेन्सबाड या गावांत औषधी पाण्याचे झरे. युरोपातील सुखवस्तू कुटुंबे तिथे उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे मुक्काम करीत. झऱ्याचे पाणी पिण्यासाठी पेला हवाच, मग त्यावर आपले नाव, तारीख, गावाचे चित्र का नको? 1830 नंतर फ्रीडरिश एगरमान याने काचेला माणकासारखा लाल थर देण्याची युक्ती काढली. तो थर कोरला की खालची पांढरी काच अक्षरांतून चमके. डॉमिनिक बीमान हा कोरीव कामगार तर उन्हाळ्यात फ्रान्झेन्सबाडला जाऊन बसे आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहरा काचेवर कोरून देई. फोटोग्राफी घरोघर पोचण्याआधीचा हा काळ. आज ठोकळ्यात फोटो पाहून आपण थक्क होतो, पण त्यामागची हौस बीमानच्या गिऱ्हाइकांचीच. 1856 साली कामेनित्स्की शेनोव्ह या क्रायबिखच्याच गावी काचकामाची शाळा निघाली. ती शाळा आजही चालू आहे.

आपल्याकडे काचेवर नाव घालायची रीत नव्हती, पण भांड्यांवर होती. ‘चि. अमुक यास मामांकडून सप्रेम’ असे ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेले नाव नसेल असे मराठी घर विरळा. आमच्या घरी आजीच्या माहेरच्या नावाचे एक पितळी पातेले आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचे माहेरचे नाव अनेकदा फक्त भांड्यावरच उरते. तेव्हा नाव घालणे म्हणजे नुसती मालकी सांगणे नव्हे. कोणी, कोणाला, कशासाठी दिले, याची ती नोंद असते.

काचेच्या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा आहे ती मात्र निनावी देण्याची. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. तिथे काच तर झालीच, काच करणारी माणसेही शिकून तयार झाली. एक पैसा देणाऱ्याचे नाव कुठे कोरणार? पण त्याच्या पैशावर एखादा मुलगा कारागीर झाला.

आता लेझरचे यंत्र आले आहे. प्रकाशाचा झोत काचेच्या पोटात एका बिंदूवर एकवटतो आणि तिथे डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी चीर पडते. असे हजारो ठिपके मिळून नाव होते. पृष्ठभागाला धक्काही लागत नाही. बोट फिरवून पाहा, अक्षर लागणार नाही. मात्र चूक झाली तर ठोकळा आजही फेकावाच लागतो. म्हणून ऱ्हस्व-दीर्घ, रफार, जोडाक्षरे छापण्याआधी तपासून घ्यावीत हे बरे. हातकामाची कला यामुळे मेली असे नाही. हाताने काच घडवण्याच्या ज्ञानाला 2023 साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, त्या सहा देशांत चेक प्रजासत्ताक आहे. पण नाव घालण्यातले कष्ट संपले हे खरे. एक नाव घालायचे काय आणि तीनशे घालायची काय, यंत्राला सारखेच.

मग प्रश्न उरतो तो देणाऱ्याचा. बीमानपुढे माणसाला तासन् तास बसावे लागे, ठोक्याच्या नावासाठी मामाला बाजारात जाऊन मजकूर सांगावा लागे. आज शाळेने यादी पाठवली की खोका येतो आणि तीनशे मुलांच्या नावाखाली ‘उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा’ हीच ओळ असते. काही ठिकाणी तर पैसे पालकांनीच भरायचे असतात. चाळीस मुलांच्या वर्गात पाच जणांना ते जमले नाहीत, तर त्या पाचांच्या हाती निरोपाच्या दिवशी काय पडणार? ज्याला आपण सन्मान म्हणतो तो अशा वेळी खरेदी होऊन बसतो.

माझे विक्रेत्यांशी भांडण नाही. ते क्रायबिखचाच धंदा करतात आणि तो प्रामाणिक धंदा आहे. माझे मागणे शाळांकडे आहे. द्यायचे तर सगळ्यांना द्यावे, लागला तर गावात पैसा फंड काढावा. आणि यादी पाठवण्याआधी वर्गशिक्षकांनी प्रत्येक नावापुढे एक ओळ स्वतः लिहावी: ‘वर्षभर प्रयोगशाळेची देखभाल केल्याबद्दल’, ‘मित्राला गणित शिकवून पास केल्याबद्दल’. यंत्राला त्याचा काही त्रास नाही. शिक्षकांची मात्र एक संध्याकाळ जाईल, कारण त्यासाठी प्रत्येक मूल आठवावे लागेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)