अंतर कोसांचे आणि अंतर काळाचे

अंतर कशाने मोजावे, असा प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. कोस, मैल, किलोमीटर ही नकाशाची मापे होत. प्रवाशाचे माप एकच, आणि ते म्हणजे काळ. मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. ते कधी तसूभरही घटले नाही. परंतु आगबोटीने जाणाऱ्यास त्याला आठवडे लागत. 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो व जिनीव्हा येथे थांबे घेत लंडनला जाण्यास निघाले, तेव्हा आठवड्यांचा हिशेब मोडला. आज मध्ये न उतरणारे विमान तेच अंतर नऊ-दहा तासांत कापते. त्या कंपनीचे अध्यक्ष जे. आर. डी. टाटा, त्यांच्याच उद्योगसमूहाचा टेल्को कारखाना पुढे 1960 च्या दशकात पिंपरीस उभा राहिला. तेव्हा हा विषय आपल्या अंगणातलाच आहे.

आता याच अंगणातली जुनी गोष्ट पाहू. पुणे ते चाकण सुमारे 30 किलोमीटर. 19 जून 1660 रोजी शायिस्ताखान पुण्याहून निघाला आणि 21 जूनला चाकणास पोचला. एवढी वाट दोन दिवसांची. पण कोटाच्या आत पाऊल टाकावयास त्याला सुमारे 56 दिवस लागले! किल्ला साधा भुईकोट. त्याला ना कडा, ना कपार. तट आणि खंदक एवढाच आधार. आत फिरंगोजी नरसाळा आणि त्याची मूठभर माणसे, बाहेर मोगलांचा अफाट फौजफाटा, आणि वर धो धो पाऊस. अखेर 14 ऑगस्टला सुरुंगाने बुरूज उडाला व दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. त्यापायी मोगलांची 268 माणसे ठार व 600 जखमी झाली. खानाने देऊ केलेली चाकरी नाकारून फिरंगोजी शिवाजी महाराजांकडे परतला. सपाटीवरच्या एका कोटास पावणेदोन महिने, तर सह्याद्रीच्या माथ्यावरील किल्ल्यांस किती, हे त्रैराशिक कोणीही मांडावे.

आज त्याच चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने आहेत. येथे नवा विमानतळ व्हावा, ही चर्चा अनेक वर्षे चालली. 2016 मध्ये पुरंदरची जागा पुढे आली आणि ती मागे पडली. लंडनला जाणारा येथला अभियंता आकाशातील हजारो किलोमीटरांची चिंता करीत नाही; त्याला घोर असतो तो नाशिक रस्त्यावरील वाहनांच्या रांगेचा आणि मुंबईपर्यंतच्या घाटवाटेचा.

वेळ तेव्हाही गेला, आजही जातो. पण त्या 56 दिवसांत शत्रूचा वेळ गेला आणि स्वराज्याला तो मिळाला. आज रस्त्यावर जातो तो आपलाच वेळ, आणि तो कोणाच्याच पदरी पडत नाही. आकाश जिंकणाऱ्या माणसाने आता भुईकडे पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.