तमाशापट
तमाशा (पहा : लावणी, वगनाट्य) व त्यातील कलावंतांचे जीवन केंद्रस्थानी असलेला मराठी चित्रपटप्रकार. ‘लोकशाहीर रामजोशी’ने (१९४७) तो रुजवला, अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’नंतर (१९५९) त्याची लाट आली. पडद्यावरील लावणी शहरी रुचीसाठी घासूनपुसून घेतलेली असते, म्हणून ती सामाजिक इतिहासाचा पुरावा ठरत नाही, असा आक्षेप घेतला जातो. फडावरील सादरीकरणापुरता तो रास्त आहे. मात्र टाळ्या मिळवणाऱ्या नाचाला प्रतिष्ठा नाकारणारी गावरचना या चित्रपटांत ठळक उमटते : ‘पिंजरा’त (१९७२) गावाच्या लेखी आदर्श शिक्षक मेलेला असतो आणि तोच माणूस ओळख लपवून फडात राबतो, ‘नटरंग’मध्ये (२०१०) कुस्तीची आवड असलेला शेतमजूर नाच्या होताच त्याच्या पुरुषत्वाची हेटाळणी सुरू होते. कलावंतांच्या जातिवास्तवाबाबत (पहा : कोल्हाटी) मात्र हे चित्रपट बहुधा मौन पाळतात.