मुक्त प्रवेश व संशोधन-विदा

मुक्त प्रवेश : शास्त्रीय संशोधनाचे प्रसिद्ध झालेले लेखन कोणाही जिज्ञासूस वर्गणीवाचून व विनापरवाना वाचता यावे, उतरवून घेता यावे आणि मूळ कर्त्याचा निर्देश करून पुढे उपयोगात आणता यावे, अशी प्रकाशनव्यवस्था. ज्या मोजमापांच्या, वेधांच्या व नोंदींच्या आधारावर असे लेखन उभे असते, त्या सामग्रीस ‘संशोधन-विदा’ म्हणतात. तीही त्याच अटींवर खुली करणे हे या व्यवस्थेचे दुसरे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक महत्त्वाचे अंग होय. कारण निष्कर्ष नुसता वाचावयास मिळाला तर त्यावर विश्वास ठेवावा लागतो, मूळ आकडे हाती आले तर तो तपासता येतो.

या भेदाचा दाखला पाहावयाचा असेल तर उज्जैनीस जावे. फ्रीगंजातील टावर चौकात मनगटावरचे घड्याळ नीट मिळवून घेऊन क्षिप्रेकाठच्या जीवाजी वेधशाळेत गेलेला मनुष्य सवाई जयसिंगाच्या सम्राटयंत्रासमोर उभा राहिला, तर भिंतीच्या छायेची कड चतुर्थांशवृत्तावर जी वेळ दाखविते ती आणि घड्याळातील वेळ यांचा मेळ त्यास बसत नाही, आणि तो बहुधा यंत्रासच दोष देऊन परततो. वस्तुतः यंत्र खरे सांगत असते, पण ते उज्जैनीचा स्पष्ट सौरकाल सांगते. उज्जैनीचे रेखांश सुमारे ७५ अंश ४६ कला, तर भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला या रेखांशाची. त्यामुळे स्थानिक मध्यमकाल प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे असतो. शिवाय सूर्याच्या असमान गतीमुळे हे अंतर ऋतुमानाप्रमाणे कमीजास्त होते, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यास छायेच्या वेळेत ४१ मिनिटे मिळवावी लागतात, तर नोव्हेंबरच्या आरंभी अवघी ११ पुरतात. छाया ही विदा, आणि किती मिनिटे मिळवावयाची हे सांगणारे कोष्टक हा त्या विदेचा खुलासा. खुलाशावाचून दिलेली विदा खुली असूनही निरुपयोगी ठरते, ही गोष्ट आज मोठमोठ्या संस्थांच्या विदाभांडारांत रोज प्रत्ययास येते. २०१६ साली मांडल्या गेलेल्या ‘फेअर’ तत्त्वांचा, म्हणजे विदा सापडण्याजोगी, मिळण्याजोगी, इतर विदेबरोबर जुळण्याजोगी व पुन्हा वापरण्याजोगी असावी या चतुःसूत्रीचा, मथितार्थही याहून फारसा निराळा नाही.

अठराव्या शतकात उभारलेली ही वेधशाळा मोडकळीस आल्यावर १९२३ साली ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने तिचा जीर्णोद्धार झाला, आणि ज्योतिर्विद गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक झाले. १९४२ पासून वेधशाळेतर्फे ग्रहांची दैनंदिन स्थिती देणारे पंचांग प्रतिवर्षी छापले जाऊ लागले. सरकारी खर्चाने सिद्ध झालेले आकडे सरकारी दप्तरात न कोंडता लोकांच्या हाती देण्याची ही वहिवाट, ‘मुक्त प्रवेश’ हा शब्द जन्मण्यापूर्वीची आहे.

मराठी गणितज्ञांत तर या वहिवाटीची चाल त्याहूनही जुनी. केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्त्य ज्योतिर्ग्रंथांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० साली छापून काढली, तेव्हा ग्रहगणित हे घराण्यात जपून ठेवण्याचे वतन राहिले नाही. ज्यास बेरीज-वजाबाकी येते त्यास ग्रह काढता येऊ लागला. पुढे छत्र्यांच्या अनुयायांचा व्यंकटेश बापूजी केतकर प्रभृतींशी राशिचक्राच्या आरंभस्थानाविषयी वाद पेटला, आणि ते रेवती ताऱ्यावरून धरणारा रैवतपक्ष व चित्रा ताऱ्यावरून धरणारा चित्रापक्ष यांच्यात सुमारे चार अंशांचे अंतर पडून अधिक मासदेखील निरनिराळे येऊ लागले. वाद मिटला नाही हे खरे. परंतु तो आकड्यांवर झाला, कारण दोन्ही पक्षांचे आकडे सर्वांसमोर होते.

आधुनिक चळवळीचा जाहीरनामा १४ फेब्रुवारी २००२ रोजी बुडापेस्ट येथून निघाला. तिचे कारण उघड होते : संशोधन सार्वजनिक पैशाने व्हावयाचे, लेख व त्यांचे परीक्षण विद्वानांनी बिनमोबदला करावयाचे, आणि तेच लेख विद्यापीठांनी प्रकाशकांकडून भरमसाट वर्गणी देऊन परत विकत घ्यावयाचे. यावर दोन मार्ग निघाले. हरितमार्गात लेखक आपल्या स्वीकृत लेखाची प्रत संस्थेच्या भांडारात ठेवतो. सुवर्णमार्गात नियतकालिकच खुले असते, मात्र पुष्कळदा खर्चाचा बोजा वाचकावरून लेखकावर येतो. ‘नेचर’ने २०२१ पासून एका लेखास ९,५०० युरो आकारण्याचे ठरविले, ही रक्कम पाहता एक दरवाजा उघडून दुसऱ्यास कुलूप घातले असे म्हणणे भाग आहे. याउलट मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यक महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयातून १९५५ पासून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ने लेखकाकडून शुल्क न घेता आपले अंक दीर्घकाळ सर्वांस खुले ठेवले.

भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान या विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये आपल्या अनुदानातून झालेल्या संशोधनाचे लेख भांडारात ठेवण्याचे धोरण जाहीर केले. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर झालेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० वर सरकारी संस्थांना वाचावयास मिळतात. योजना उपकारक खरी, पण तिला मुक्त प्रवेश म्हणता येत नाही : उज्जैनीच्या सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थ्यास जो लेख उघडता येतो, तोच टावर चौकातील निवृत्त शिक्षकास अथवा खासगी वैद्यास वर्गणीवाचून उघडत नाही.

विदेच्या बाबतीत पुणे जिल्ह्यातील खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण अधिक उदार आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनी घेतलेले वेध १८ महिने ज्याने मागितले त्याच्याकडे राहतात; मुदत संपली की ते संग्रहात सर्वांस मोकळे होतात. २०१० ते २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्‌झवर आकाशाच्या सुमारे नऊदशांश भागाचे सर्वेक्षण केले, आणि त्या साठवलेल्या वेधांवर हॉलंडचे हुइब इंटेमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने संस्करण करून सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची सूची २०१६ साली जगास विनामूल्य दिली.