एम ८७ : कन्या समूहातील महाकाय दीर्घिका

एम ८७ ही कन्या राशीच्या दिशेला दिसणाऱ्या दीर्घिका-समूहाच्या मध्यभागी असलेली महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिका आहे. पृथ्वीपासून तिचे अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे आहे. फ्रेंच ज्योतिर्विद शार्ल मेसिए यांनी १७८१ मध्ये तिची नोंद केली. त्यांच्या यादीतील ८७ या क्रमांकावरून तिला हे नाव मिळाले.

आकाशगंगेसारखे सर्पिल बाहू या दीर्घिकेला नाहीत. ती जवळजवळ गोल दिसते आणि तिच्यात प्रामुख्याने पिवळसर, वृद्ध तारे आहेत. तिच्याभोवती सुमारे १२ हजार गोलाकार तारकागुच्छ आहेत. आकाशगंगेभोवती ते दीडशेच्या आसपास आढळतात. लहान दीर्घिकांना सामावून घेत तिची वाढ झाली, असे मानले जाते.

क्ष-किरणांच्या निरीक्षणांतून या दीर्घिकेभोवती तप्त वायूचा प्रचंड साठा असल्याचे दिसते. किरणोत्सर्गामुळे हा वायू निवत जाऊन त्यातून नवे तारे विपुल प्रमाणात जन्मायला हवेत. प्रत्यक्षात तसे घडत नाही. याचे कारण दीर्घिकेच्या केंद्रात शोधावे लागते.

अमेरिकी ज्योतिर्विद हेबर कर्टिस यांना १९१८ मध्ये केंद्रातून निघालेली एक सरळ प्रकाशरेषा आढळली. ती म्हणजे जवळपास प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकल्या जाणाऱ्या द्रव्याचा झोत होय. दृश्य प्रकाशात त्याची लांबी सुमारे ५ हजार प्रकाशवर्षे भरते. केंद्रातील कृष्णविवराकडे ओढले जाणारे द्रव्य या झोताच्या मुळाशी आहे. झोताची ऊर्जा भोवतालच्या वायूत पोकळ्या व आघाततरंग निर्माण करते. त्यामुळे वायू तापत राहतो आणि ताऱ्यांच्या निर्मितीला आळा बसतो. अशा रीतीने आकाराने तुलनेत अगदी लहान असलेले कृष्णविवर संपूर्ण दीर्घिकेच्या भवितव्यावर प्रभाव टाकते.

या कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे साडेसहा अब्ज पट आहे. पृथ्वीवर निरनिराळ्या ठिकाणी असलेल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून २०१७ मध्ये त्याचे निरीक्षण करण्यात आले. १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेली त्याची प्रतिमा ही कोणत्याही कृष्णविवराची पहिली प्रतिमा ठरली. तेजस्वी कड्याच्या मध्यभागी दिसणारा काळोख ही त्याची छाया होय.

एप्रिल-मे महिन्यांत रात्री, अंधाऱ्या आकाशात, लहान दुर्बिणीतून एम ८७ धूसर ठिपक्यासारखी दिसते. सिंह राशीतील उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेस तिचा शोध घ्यावा. झोत मात्र अशा दुर्बिणीतून दिसत नाही.