एका नावावर दोन खाती

डच भाषेत 'हेमेल' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ आकाश, आणि त्याचाच अर्थ स्वर्ग. काटकसर म्हणावी ती ही! एका खात्यावर दोन नावं आम्हां बँकवाल्यांना चालतात. इथं एका नावावर दोन खाती! १६३७ साली डच लोकांचं अधिकृत बायबल छापून निघालं. त्यात देवानं आरंभी निर्माण केलं तेही हेमेल, आणि तो स्वतः राहतो तेही हेमेल. त्याच शतकात या मंडळींनी आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली होती. मराठी बायबलात मात्र सृष्टीच्या आरंभी 'आकाश' आणि प्रार्थनेत 'स्वर्ग'. आपला हिशेब चोख! आपल्याकडे माणूस गेला, तरी कैलासवासी झाला की वैकुंठवासी, हे पत्त्यासकट सांगावं लागतं.

पण डचांना हसण्याचा अधिकार निदान आम्हांला नाही. आमच्या तालुक्याचं नाव केळापूर आणि कचेरी पांढरकवड्याला! केळापुरात जगदंबा भेटते, तहसीलदार नाही.

शिवाय पलंगावरच्या छतालाही डच लोक हेमेलच म्हणतात. यात नवल ते काय? आपलं 'अंबर' म्हणजे आकाशही आणि वस्त्रही. पीतांबर नेसायचा, आणि ज्याला दिशा हेच वस्त्र तो दिगंबर. इंग्रजांचं 'स्काय' तर मुळात उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा ढग. आणि आपलं आभाळ? तेही संस्कृत 'अभ्र', म्हणजे ढगच!

हे शब्दकोश न उघडता आमच्या भागातला शेतकरी जाणतो. बोंडं फुटून कापूस वेचणीला आला, की तो 'ढग आले' म्हणत नाही. काउंटरपाशी उभा राहून टोपी काढतो. मी विचारतो, "हप्त्याचं काय?" तो खिडकीबाहेर बोट दाखवतो. "आभाळ आलं जी, साहेब."

एवढ्या दोन शब्दांत पीक, कर्ज, पोरीचं लग्न सगळं आलं. आमच्या छापील फॉर्मात मात्र 'आभाळ' असा रकानाच नाही. मग मी 'इतर कारणे' या रकान्यात लिहितो आणि सही घेतो.

आभाळ फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार, असं आपल्याकडे विचारतात. गंमत अशी, की ठिगळाला लागणारा कापूस पिकवतो तो हाच माणूस, आणि फाटतं तेही याच्याच डोक्यावरचं.